फाटकावरचा फलक
(प्रस्तावना)

चाकण औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना सुरक्षा रक्षकाच्या चौकीला लागून भिंतीत बसवलेला एक काचेचा फलक बहुधा दिसतो. त्यात सुट्ट्यांची यादी असते, पाळ्यांचे वेळापत्रक असते, निरनिराळ्या कायद्यांचे गोषवारे असतात; आणि या सर्वांच्या मागे, गंज चढलेल्या टाचण्यांनी जेमतेम धरून ठेवलेली, बारीक टाइपात छापलेली काही पाने असतात. ही पाने म्हणजे त्या आस्थापनेचे स्थायी आदेश. पण कामगार काय आणि व्यवस्थापक काय, दोघेही त्यांना 'स्टँडिंग ऑर्डर्स' याच नावाने ओळखतात. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात ज्याच्या आयुष्याची तीसेक वर्षे गेली, अशा माझ्यासारख्याने ही पाने शेकडो वेळा वाचली आहेत. परंतु फाटकातून आत जाणारा माणूस फलकापाशी थांबून ती वाचत आहे, असे दृश्य मात्र मी क्वचितच पाहिले. जो थांबून वाचतो, त्याच्या खिशात बहुधा आदल्या दिवशी मिळालेली 'शो-कॉज' नोटीस असते.

अशा माणसाने संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या तरुण मंडळींच्या लेखसंग्रहाला प्रस्तावना लिहावी, याचे वाचकांस नवल वाटेल. म्हणून आधी त्याचा खुलासा करणे इष्ट. माझी भाची निगडीत राहते, हिंजवडीत नोकरी करते, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात, ज्याचा तिला एक पैसाही मिळत नाही, असे काम जगाच्या पाठीवरील अनोळखी माणसांबरोबर करते. दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला तिने दोन छापील पाने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, हे जरा वाचून बघा. तुमच्याच धंद्यातलं आहे." ती तिच्या समूहापुढे आलेली आचारसंहिता होती. मी जन्माच्या खोडीप्रमाणे पेन्सिल घेऊन वाचली आणि शेवटी तीन प्रश्न विचारले: आरोपपत्र कोण देणार, चौकशी कोण करणार, आणि अपील कोणाकडे? भाची हसली. "मामा, नेमकं यावरूनच तर सहा महिने भांडण चाललंय." हा संग्रह त्या भांडणातून जन्मला, आणि ही प्रस्तावना त्या तीन प्रश्नांतून.

ज्यांना या व्यवहाराचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, बदलता येतो आणि ठरावीक शर्तींवर पुढे वाटता येतो अशी आज्ञावली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना; अँड्रॉइडचे प्रत्येक भ्रमणध्वनीयंत्र त्याच गाभ्यावर चालते, आणि ज्या मोटारी जोडण्यासाठी आमच्या पट्ट्यात रात्रपाळ्या भरतात, त्यांतील कित्येकांच्या दर्शनी पडद्यामागेही तोच राबत असतो. या कामात हजारो माणसे गुंतलेली असतात. त्यांतील काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात, अनेकांना कोणीच देत नाही; त्यांच्यात करारनामा नसतो, हजेरीपट नसतो, फाटक नसते. कोणीतरी सुधारणा लिहून पाठवतो, तिला 'पॅच' म्हणतात. त्या भागाचा कारभारी, ज्याला 'मेंटेनर' म्हणतात, ती तपासून स्वीकारतो किंवा परत धाडतो. आणि परत धाडताना तो जे शब्द वापरतो, त्या शब्दांपाशी आपला विषय सुरू होतो.

कारण हे शब्द पुष्कळदा फार कडक असत. टोरवाल्ड्स यांची जीभ, किंवा अधिक नेमके सांगायचे तर त्यांची लेखणी, या बाबतीत जगप्रसिद्ध होती. २०१३ साली सारा शार्प या अभियंतीने त्यांना उघडपणे सांगितले की, कामातील चूक दाखवण्यास शिवीगाळीची आवश्यकता नाही. २०१५ मध्ये लिनक्सने एक तोकडा 'संघर्षाचा संकेत' स्वीकारला, ज्यात सभ्यपणाची अपेक्षा होती पण तक्रारीपुढची वाट धूसर होती. आणि त्याच वर्षी शार्प यांनी ते काम सोडल्याचे जाहीर केले. पुढे १६ सप्टेंबर २०१८ रोजी टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागून काही काळ रजा घेतली, कारभार ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्याकडे सोपवला, आणि त्याच सुमारास कोरलाइन एडा एमके यांनी २०१४ मध्ये रचलेल्या 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट' या मसुद्यावर आधारलेली आचारसंहिता लिनक्सच्या दप्तरी दाखल झाली. लगेच वादळ उठले. काहींनी तर आपण पूर्वी दिलेल्या मजकुराचा परवाना मागे घेण्याची भाषा केली, जणू वाटणीत दिलेले शेत परत मागावे. महिनाभरात या संहितेच्या जोडीला तिचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा दुसरा दस्तऐवज जोडावा लागला, आणि तक्रारींत मध्यस्थी करण्यासाठी मिशी चौधरी या भारतीय वंशाच्या विधिज्ञांचे नाव पुढे आले.

हे एकट्या लिनक्सचे घडले नाही. लिनक्सवर आधारलेली प्रणाली रचणाऱ्या डेबियन समूहाने २०१४ मध्ये सर्व सभासदांचे रीतसर मतदान घेऊन आपली संहिता मंजूर केली. रुबी भाषेचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांनी २०१६ मध्ये दीर्घ वादानंतर एक अगदी आखूड संहिता पत्करली. २०१७ च्या ऑगस्टात नोड.जेएस या समूहात एका सभासदाच्या वर्तनावरून कारवाईचा ठराव फेटाळला गेला, तेव्हा नाराज मंडळींनी 'अयो.जेएस' नावाचा वेगळा फाटा फोडला, जो पुढे फार काळ टिकला नाही. आणि २०१८ मध्ये एसक्यूलाइट या सर्वदूर वापरात असलेल्या आज्ञावलीचे कर्ते रिचर्ड हिप यांनी आपली संहिता म्हणून सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांचे मठनियमच लावून दिले. टीका झाल्यावर त्या नियमांना नीतितत्त्वांचे नाव देऊन बाजूस ठेवले. एखाद्या देहूकराने आपल्या यंत्रशाळेत वारकऱ्यांचे नियम टांगावेत, तसाच हा प्रकार.

आता दोन्ही पक्षांची कैफियत ऐकली पाहिजे. कारण या संग्रहाचा खरा गुण असा की, त्यात दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे लिहिले गेले आहे. संहितेचा पुरस्कार करणारे म्हणतात की, नियम नसलेली जागा जगात नसतेच. जिथे लेखी नियम नसतो तिथे सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाचा स्वभाव हाच नियम होतो, आणि तो नियम नवख्याला, स्त्रीला, किंवा ज्याची इंग्रजी अडखळते अशा माणसाला आधी लागू होतो. विरोध करणारे म्हणतात की, कामाचे मोल कामावरून ठरावे. 'अनादर', 'अप्रशस्त', 'असभ्य' हे शब्द इतके सैल आहेत की, ज्याच्या हाती संहिता तो त्यांत कोणासही बसवू शकेल. शिवाय आमच्या समूहाबाहेर मी काय बोलतो याचा हिशेब तुम्ही का मागावा? या दोन कैफियती मी वाचल्या तेव्हा मला चमत्कारिक ओळख पटली. हीच भाषा, हेच युक्तिवाद, थोडा पोशाख बदलून मी भोसरी, आकुर्डी आणि चाकणच्या चौकशी-खोल्यांत ऐकत आलो होतो; फरक एवढाच की, तेथे पुरस्कर्ता आणि विरोधक यांच्या खुर्च्या पुष्कळदा उलटसुलट लागलेल्या असत.

कारखान्यातील आचारसंहितेवरून झालेला आपल्या प्रांतातील मोठा तंटा आता शंभरीकडे झुकला आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत जो प्रचंड संप झाला, त्यात वेतन आणि कामाचा बोजा यांच्या बरोबरीने गिरणीमालकांनी तयार केलेल्या स्थायी आदेशांचा मसुदाही वादाचा विषय होता. संप मिटल्यावर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे मालकसंघाने तो मसुदा मांडला, आणि उशीर, गैरहजेरी, काम नाकारणे, नोकरीवरून दूर करणे यांसंबंधीच्या कलमांवर कामगारांच्या प्रतिनिधींनी आपले आक्षेप नोंदवले. १९३८ च्या मुंबई इलाख्याच्या औद्योगिक तंटा कायद्याने असे आदेश सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेण्याची रीत घातली. आणि १९४६ च्या मध्यवर्ती कायद्याने ती साऱ्या देशाला लागू केली. मालकाने मसुदा सादर करावा, प्रमाणन अधिकाऱ्याने त्याची प्रत संघटनेला देऊन हरकती मागवाव्यात, सुनावणी करावी, मग प्रमाणित करावे, आणि त्यावर अपील असावे: ही ती पद्धत. ज्यांना लेखी नियम म्हणजे केवळ मालकाच्या हातातील छडी वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्यापूर्वी गिरणीत कामगार भरणाऱ्या मुकादमाचा, म्हणजे जॉबरचा, शब्द हाच नियम होता, आणि शब्दावर अपील नसते.

पण या इतिहासातील एक बारकावा संहितेच्या पुरस्कर्त्यांनीही विसरू नये. मूळ कायद्यात प्रमाणन अधिकाऱ्याला नियम न्याय्य आहेत की नाहीत हे पाहण्याचा अधिकारच नव्हता; ते कायद्याच्या चौकटीत बसतात की नाही, एवढेच तो पाही. दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १९५६ च्या दुरुस्तीने, त्याच्यावर नियमांचा न्याय्यपणा तपासण्याची जबाबदारी आली, कामगारांना बदल मागण्याची मुभा मिळाली, आणि एखाद्या आदेशाचा अर्थ काय यावर वाद झाल्यास कामगार न्यायालयाकडे जाण्याची वाट उघडली. म्हणजे कामगार चळवळीने आणि कायद्याने एक दशकभर ठेचकाळत जे शिकले, ते लिनक्सच्या कारभाऱ्यांना महिनाभरात शिकावे लागले: नियम लिहिणे सोपे, त्याच्या अर्थाचा कारभार कोणाकडे हे ठरवणे कठीण.

१९५८ चा प्रयोग याहून वेगळा होता, आणि या विषयाच्या अभ्यासकांनी तो अवश्य पाहावा. त्या वर्षी नैनिताल येथे भरलेल्या भारतीय श्रम परिषदेने, गुलझारीलाल नंदा श्रममंत्री असताना, 'उद्योगातील अनुशासन संहिता' संमत केली. तीत मालक आणि संघटना दोघांनीही स्वखुशीने काही गोष्टी कबूल केल्या: एकतर्फी पाऊल उचलायचे नाही, धीमे काम करायचे नाही, तक्रार ठरलेल्या मार्गाने न्यायची. तिच्यामागे कायद्याचे बळ नव्हते, दंड नव्हता. होती ती केवळ शब्दाची आण. रिचर्ड स्टॉलमन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये मुक्त आज्ञावलीच्या ग्नू समूहासाठी जी 'सौजन्यपूर्ण संवादाची मार्गदर्शक सूत्रे' लिहिली, त्यांत हाच मार्ग आहे: शिक्षा नको, समजावणी पुरे. दोन्हींमागील हेतू उदात्त. परंतु शब्दाची आण ज्यांना आधीच असते त्यांना संहितेची गरज नसते, आणि ज्यांना नसते त्यांच्यावर तिचा परिणाम होत नाही, हे आमच्या पट्ट्याने पुढील दशकांत भरपूर पाहिले. १९८९ मध्ये टेल्को या मोटार कारखान्याचे कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले, त्या संघर्षाच्या अनेक धाग्यांत कामगार नेते राजन नायर यांची बडतर्फी हा एक धागा होता. आणि २०१३ च्या जूनअखेरीस बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात सुरू होऊन सुमारे पन्नास दिवस चाललेल्या संपात, एक रुपयाला समभाग देण्याच्या बहुचर्चित मागणीसोबत निलंबित कामगारांना परत घेण्याची मागणीही होती. कोणाचे वर्तन शिक्षेस पात्र, आणि ते ठरवणारा हात कोणाचा, हा प्रश्न दोन्ही वेळी पैशाच्या प्रश्नाच्या शेजारीच बसलेला होता.

येथे मी वाचकांस एका चौकशी-खोलीत नेऊ इच्छितो. भोसरीतील एक मध्यम कारखाना. कँटीनच्या वरची खोली. मेजाच्या एका बाजूस चौकशी अधिकारी, दुसऱ्या बाजूस व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, समोर आरोपी कामगार आणि त्याच्या शेजारी बचाव प्रतिनिधी म्हणून मी. आरोप असा की, कामगाराने सुपरवायझरला अर्वाच्य शिवीगाळ केली. मी हरकत घेतली की, शिवी कोणती ते आरोपपत्रात नाही. शब्दच ठाऊक नसेल तर बचाव कसला करायचा? चौकशी अधिकाऱ्याने हरकत मान्य केली आणि सुपरवायझरला तो शब्द सांगण्यास फर्मावले. गृहस्थ माळकरी, दर एकादशीला आळंदीस जाणारे. त्यांच्या तोंडून तो शब्द निघेना. दोनदा घसा खाकरला, पाणी मागितले, टंकलेखक बोटे उचलून थांबला. अखेर त्यांनी तो शब्द कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला. चिठोरा हातोहात फिरला, प्रत्येकाने वाचून मान खाली घातली, आणि चौकशीच्या कागदपत्रांत त्याला 'निशाणी ५' असा क्रमांक पडला. मग कामगार शांतपणे म्हणाला, "साहेब, हा शब्द ते मला रोज बोलत होते. मी एकदाच परत केला." निशाणी ५ च्या अर्थाची सारी चौकशी त्या वाक्यापासून नव्याने सुरू झाली.

मुक्तस्रोत समूहांत हे चिठोऱ्याचे नाट्य घडणार नाही. तेथे प्रत्येक शब्द तारीखवार, कायमचा, सर्वांसमक्ष नोंदलेला असतो. कारखान्यात तंटा असतो की, तो शब्द उच्चारला गेला की नाही. तेथे तंटा असतो तो, त्या शब्दाने अपमान झाला की नाही. आणि हा दुसरा तंटा अधिक अवघड आहे. मावळात आणि खेड तालुक्यात यार-दोस्तांमधील शिवी ही कित्येकदा जवळीकीची खूण असते, हे कोणी नाकारणार नाही; पण ती जवळीक आहे असे म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा आहे, आणि घेणारा तिसऱ्या देशात, चौथ्या भाषेत वाढलेला असेल तर त्याने आपल्या जवळीकीचा अर्थ कुठून लावायचा? न्यायालयांनाही या प्रश्नाने कोड्यात टाकले आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने, चौदा वर्षांची निष्कलंक सेवा असलेल्या उत्तर प्रदेशातील एका कामगाराला केवळ उद्दाम शब्दांसाठी बडतर्फ करणे अतिरेकाचे ठरवून दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा पुरेशी मानली. तर २००५ साली महिंद्र अँड महिंद्रच्या एका प्रकरणात, वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम केली. आरोप शब्दांचाच, तराजू दोन. आणि दोन्ही निवाडे आपापल्या वस्तुस्थितीत टिकणारे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने, क्षुल्लक गैरवर्तनासाठी मागील सेवेचा विचार न करता अतिरेकी शिक्षा देणे हीच अनुचित प्रथा ठरवली आहे. प्रमाणाची ही जाणीव पुष्कळ आचारसंहितांत मला आढळली नाही. त्यांत ताकीद आणि हद्दपारी यांच्या मधली पायरी फार अरुंद असते. २०२४ च्या नोव्हेंबरात लिनक्सच्या आचारसंहिता समितीने एका मेंटेनरच्या वर्तनाबद्दल त्याचे काम एका आवृत्तीपुरते न स्वीकारण्याचे ठरवले; या शिक्षेच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले, पण मुदतीची शिक्षा हा विचार तरी तिच्यामुळे चर्चेत आला.

साम्य दाखवण्याच्या भरात भेद झाकू नयेत, म्हणून तेही सांगतो. कारखान्यातून काढलेल्या माणसाचा पगार जातो. म्हणून निलंबनकाळात कायदा त्याला पहिले नव्वद दिवस अर्धे आणि नंतर, विलंब त्याच्यामुळे नसेल तर, पाऊण वेतन निर्वाहभत्ता म्हणून देतो. मुक्तस्रोत समूहातून काढलेल्याचा पगार बहुधा जात नाही. जाते ते नाव, आणि पुष्कळांच्या बाबतीत दहा-वीस वर्षांची मैत्री. ही शिक्षा बडतर्फीपेक्षा वाळीत टाकण्याला अधिक जवळची आहे. आपल्या राज्याने जातपंचायतींच्या जुलमाला आळा घालण्यासाठी २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामागील अनुभव असा की, सुनावणीशिवाय, कारण न सांगता, शेजाऱ्यांनी पाठ फिरवणे ही माणसाला मिळणारी फार क्रूर शिक्षा आहे. अर्थात जात जन्माने मिळते आणि समूह निवडीने; तुलना तेवढ्यापुरतीच. उलट बाजूने, ज्या स्त्रिया पहिल्या शिव्या खाऊन मुकाट निघून गेल्या, त्याही वाळीत पडल्या होत्याच. फक्त त्यांच्याविरुद्ध कोणी ठराव केला नव्हता, इतकेच. लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक केली आणि तिच्यावर एक बाहेरचा सदस्य असलाच पाहिजे असे म्हटले, ते यासाठीच की, घरातल्या तंट्यात घरातलाच न्यायाधीश असला, तर दोन्ही पक्षांना न्याय परका वाटतो.

एवढे सारे सांगून झाल्यावर माझे मत मी थोडक्यात ठेवतो, म्हणजे पुढील लेख वाचताना वाचकाला माझ्याशी भांडणे सोयीचे जाईल. हा वाद सद्वर्तन हवे की नको याचा नाही, कारण सद्वर्तन नको असे म्हणणारा मला दोन्ही ठिकाणी क्वचितच भेटला. हा वाद आहे तो कलमाचा अर्थ लावणाऱ्या हाताचा, आणि तो हात कोणी, कसा, किती काळासाठी नेमला, त्याच्यावर दाद कोठे मागायची, हे ज्या समूहाने आधी ठरवले, त्याला कलमांचा मसुदा मागाहून सापडतो. ज्याने कलमे आधी टांगली आणि चौकशीची रीत नंतरवर ठेवली, त्याचा फलक फाटकावर गंजत राहतो.

या संग्रहातील लेख तीन भागांत आहेत: संहितेचा पुरस्कार, तिला विरोध, आणि जे प्रत्यक्ष तक्रारी हाताळतात त्यांचे अनुभव. माझी शिफारस अशी की, वाचकाने तिसरा भाग आधी वाचावा. पहिल्या दोन भागांतील तत्त्वे मग आपोआप जमिनीवर येतात. विरोधी लेखांतील एका युक्तिवादाशी मी सहमत नाही, तो म्हणजे 'मोठे काम करणाऱ्याला थोडे सांभाळून घ्यावे' हा. आमच्याकडे उत्पादन वाढवणाऱ्या सुपरवायझरविषयी हेच म्हटले जाई, आणि त्याची किंमत कोण देई ते वर सांगितलेच. पुरस्कार करणाऱ्या लेखांतील एका गृहीताशीही सहमत नाही, ते म्हणजे 'चांगल्या माणसांच्या समितीला अपिलाची गरज नाही' हे; वाईट माणसांनी चालवलेल्या चौकश्या मी थोड्याच पाहिल्या, चांगल्या माणसांनी घाईत चालवलेल्या मात्र पुष्कळ.

हे पुस्तक अशा वेळी निघत आहे की, ज्या कायद्यातून मी वर स्थायी आदेशांची उदाहरणे दिली तो कायदाच बदलला आहे. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती राहिली. पूर्वी हा आकडा शंभर होता, आणि महाराष्ट्रात तर पन्नास. भोसरी आणि चाकणमधील शेकडो लहान शेडवाल्यांचे फलक आता कायद्याने आवश्यक नाहीत. म्हणजे ज्या काळात आज्ञावली लिहिणारे स्वयंसेवक, कोणीही सक्ती न करता, रक्त आटवून लेखी नियम मागत आहेत, त्याच काळात यंत्रे चालवणाऱ्यांच्या लहान कारखान्यांतून लेखी नियम हलकेच निघून जात आहेत. या विसंगतीकडे दोन्ही प्रकारच्या वाचकांचे लक्ष वेधणे, हाही ही प्रस्तावना लिहिण्यामागचा एक हेतू आहे.

राहता राहिला तो फलक. १९४६ च्या कायद्याच्या नवव्या कलमात असे होते की, ज्या प्रवेशद्वारातून बहुसंख्य कामगार आत येतात त्याच्यापाशी, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, हे आदेश लावलेले असावेत. कायदा लिहिणाऱ्याने येथे मोठी बुद्धी दाखवली होती: नियम कोणता, यापेक्षा तो कोणाच्या नजरेस पडतो हे त्याला महत्त्वाचे वाटले होते. लेखक मंडळींना माझी विनंती एवढीच की, आपल्या संहितेच्या प्रत्येक कलमाला हा प्रश्न विचारावा. गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्यात मी एका कामासाठी गेलो असता, मागल्या बाजूच्या फाटकापाशी, भंगाराच्या ढिगाजवळ, ओडिशातून आलेला एक कंत्राटी मुलगा भेटला. त्याच्या हातात मराठीत टंकलेला मेमो होता, आणि तो मला वाचून दाखवावा अशी त्याची विनवणी होती. मी वाचला, हिंदीत सांगितला. त्याने विचारले, "साहब, यह कहाँ लिखा है?" मी म्हटले, "चल, दाखवतो," आणि त्याला घेऊन पुढच्या फाटकाकडे निघालो, काचेचा फलक वीस पावलांवर दिसत होता. सुरक्षा रक्षक पुढे आला, मला सलाम केला, आणि मुलाला हाताने अडवून म्हणाला, "साहेब, तुम्ही या. कंत्राटी माणसांना ह्या गेटनं येता येत नाही."

निगडी